पवित्र शास्त्राचा अभ्यास : कुणासाठी आणि कशासाठी?



पवित्र शास्त्राचा अभ्यास करा, असे आपल्याला वेदीवरून अनेकदा सांगण्यात येते. आपण मान डोलावतो आणि घरी जातो. त्यात आळस असतो हे खरे. पण नुसता आळस नसतो. आपल्या मनात एक प्रश्नही असतो आणि तो आपण फादरांना सहसा विचारीत नाही. मी रोज प्रार्थना करतो, रोझरी म्हणतो, रविवारी मिस्सेला येतो, होता होईल तो कुणाचे वाईट करीत नाही. मग आणखी अभ्यास कशाला? तो फादर-सिस्टरांनी करावा. आमची आजी सहीऐवजी अंगठा उठवायची. तिने आयुष्यात बायबल उघडले नाही, पण तिच्याइतका विश्वास आज घरात कुणाचा आहे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शुभवर्तमानच त्याच्या बाजूने साक्ष देते. ख्रिस्त कोठे जन्मणार, असे हेरोद राजाने विचारले तेव्हा शास्त्री आणि मुख्य याजक यांनी अचूक उत्तर दिले : बेथलेहेमात. संदर्भासहित दिले! पण उत्तर देणाऱ्यांपैकी कुणी बेथलेहेमची वाट धरल्याचे मत्तय सांगत नाही. तिकडे गेले ते परदेशातले ज्ञानी लोक. उलट, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या त्या स्त्रीला शास्त्रातले काय येत होते ते आपल्याला माहीत नाही. तिने गर्दीतून हात पुढे केला आणि प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. तेव्हा अभ्यास म्हणजे पाठांतर, संदर्भ आणि चार लोकांत मिरवण्याजोगी विद्वत्ता असेल, तर आजीचेच बरोबर आहे. त्याची गरज नाही.

तरीही अभ्यास टाळून चालणार नाही, असे आम्हांला वाटते. त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते सांगायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातल्या डाळिंबापासून सुरुवात करू.

सांगोल्याच्या माणसाला डाळिंब काय आहे हे सांगावे लागत नाही. पण बायबलमध्ये डाळिंब किती वेळा येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? वचनदत्त भूमी पाहून आलेल्या हेरांनी द्राक्षे आणि अंजिरे यांच्यासोबत डाळिंबे आणली. अहरोन याजकाच्या झग्याच्या खालच्या काठाला सोन्याच्या घुंगरांच्या मध्ये निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबे होती. शलमोनाच्या मंदिराच्या खांबांवर शेकडो डाळिंबे कोरली होती. आणि योएल संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात डाळिंब वाळलेले आहे.

तो अध्याय एकदा शांतपणे वाचून पाहावा. टोळधाड येऊन गेली आहे. एका टोळाने सोडले ते दुसऱ्याने खाल्ले. शेतातले गहू-जव गेले, शेतकऱ्याला मान वर करता येत नाही. द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, खजूर, एकेक झाड नाव घेऊन मोजले आहे. बी ढेकळाखाली करपले, कोठारे ओस पडली. गुरे हंबरतात, कारण त्यांना चारा नाही. मेंढरांचेही हाल आहेत. ओढे आटले आहेत आणि रानातली जनावरेसुद्धा देवाकडे तोंड करून धापा टाकीत आहेत.

२०१३ चा आणि २०१९ चा उन्हाळा ज्यांनी चारा छावणीत जनावरांपाशी काढला, त्यांना हे वर्णन समजावून सांगावे लागेल काय? तेल्याने, मर रोगाने आणि अलीकडे खोडकिडीने ज्यांना स्वतःच्या हाताने लावलेली बाग उपटून टाकावी लागली, त्यांना झाडांची ती यादी ओळखीची वाटणार नाही काय? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास, हजारो मैलांवरच्या एका कोरडवाहू मुलखात कुणीतरी आपले दुःख देवापुढे मांडले आणि ख्रिस्तसभेने ते पवित्र वचन म्हणून जपून ठेवले. आपण मात्र ते कपाटात ठेवले आहे.

रविवारच्या मिस्सेत हा अध्याय येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. योएलमधील आपल्या परिचयाचा उतारा राखेच्या बुधवारचा. तो दुसऱ्या अध्यायातला, कपडे नव्हे तर अंतःकरण फाडून देवाकडे वळा असे सांगणारा. त्याआधी काय झाले, हे लोक का रडत आहेत, ते त्या दिवशी आपल्या कानावर पडत नाही. तीन वर्षांच्या वाचनचक्रात शुभवर्तमानांचा मोठा भाग ऐकायला मिळतो. जुन्या कराराचे मात्र निवडक उतारेच येतात. मिस्सेतील वाचने म्हणजे देवाने मांडलेले ताट आहे हे खरे, पण सगळे कोठार काही ताटात मावत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाग गेलेल्या, कर्जाने वाकलेल्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे घरातला कर्ता माणूस गमावलेल्या घरी आपण भेटायला जातो. काय बोलावे ते सुचत नाही. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणते : देवाची इच्छा. दुसरा म्हणतो : काहीतरी पाप असणार, त्याशिवाय देव असे करणार नाही. बोलणारा दुष्ट नसतो. त्याच्याजवळ शास्त्राचा आधारही असतो. देवाची आज्ञा मोडली तर आकाश पितळेसारखे होईल, पाऊस पडणार नाही, हे अनुवाद या पुस्तकात लिहिलेले आहे. म्हणजे तो खोटे बोलत नाही. त्याने एवढेच वाचले आहे, आणि ते घेऊन तो एका विधवेच्या दारात उभा आहे.

तिच्या जिवावर काय येते याचा विचार करावा. नवरा गेला, सावकार दारात, आणि वर देवही आपल्या विरुद्ध आहे असे देवाच्याच पुस्तकातून सांगण्यात आले.

ह्याच माणसाने ईयोबाचे पुस्तक वाचले असते तर? ईयोबाची गुरे गेली, मुले गेली, अंगभर फोड उठले. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती असे म्हणावे लागेल! कारण मग त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायामागून अध्याय ते एकच सांगत राहिले : तू पाप केले असशील. त्यांचे एकेक वाक्य सुटे काढले तर भक्तिपर वाटते, भिंतीवर लावावे असे. ईयोब मात्र भांडतो, देवालाच जाब विचारतो. आणि शेवटी देव कुणावर संतापतो? त्या मित्रांवर. माझ्याविषयी हे लोक नीट बोलले नाहीत, ईयोब नीट बोलला, असा निवाडा देव देतो. जो पुस्तकाचा मधला भाग उघडून एखादे छानसे वचन उचलतो, तो नेमके देवाने नापसंत केलेले वाक्य उचलण्याची शक्यता आहे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते कळत नाही.

आणि प्रभू येशू? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता : पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? कुणाचेच नाही, असे प्रभूने सांगितले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे त्याने लोकांनाच विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले : नाही. पित्याचा पाऊस नीतिमानावर पडतो तसा अनीतिमानावरही पडतो, हे तर डोंगरावरील प्रवचनात आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या वाक्याचे वजन शहरातल्या माणसापेक्षा जास्त कळायला हवे.

मग अनुवादातले वचन खोटे ठरते काय? तसे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. तो इशारा सगळ्या राष्ट्राला आहे. देशात परका, अनाथ, विधवा यांचा न्याय बुडवू नका असे सांगणाऱ्या पुस्तकातला आहे. तो ऐकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायचा आहे, शेजारणीला लावायचा नाही. योएलकडे पाहा. दुष्काळ कुणाच्या कोणत्या पापामुळे पडला हे तो कोठेही सांगत नाही. तो बोट दाखवीत नाही. तो सर्वांना एकत्र बोलावतो : वडीलधारे, दूध पिणारी मुले, नवरानवरी, आणि सर्वांत आधी याजक. याजकांनीच गोणपाट नेसून रडावे असे तो सांगतो. आणि देवाचे उत्तर येते तेव्हा ते आधी जमिनीला येते, भिऊ नको म्हणून. मग रानातल्या जनावरांना, आणि मग माणसांना. आगोटीचा आणि शेवटचा असे दोन्ही पाऊस तो देईल, टोळांनी खाल्लेली वर्षे भरून देईल. परतीच्या पावसावर ज्यांची ज्वारी उभी राहते त्यांना ते दुसऱ्या पावसाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्ही म्हणतो की अभ्यास हा शेजारधर्माचा भाग आहे. अर्धवट ठाऊक असलेले वचन दुसऱ्याला जखम करू शकते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्रातले वाक्य आपल्याकडील पुरुषांना कसे तोंडपाठ असते! त्याच्या आधीचे वाक्य, सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहण्याचे, आणि त्याच्यानंतरचे, ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसे पतीने पत्नीवर प्रेम करण्याचे, ती दोन कुणाला आठवत नाहीत. अरण्यात सैतानानेही प्रभूला स्तोत्रसंहितेतले वचनच ऐकवले होते. वचन खरे होते. प्रभूने त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर दिले. एका वचनाला दुसरे वचन उत्तर देते, आणि ते दुसरे आपल्याला ठाऊक नसेल तर पहिल्याच्या तडाख्यातून आपण सुटत नाही, दुसऱ्यालाही सोडवू शकत नाही. सकाळी उठल्याबरोबर मोबाईलवर फुलांच्या चित्रासह एकेक वचन येते, त्यालाही हे लागू आहे. वचन चांगलेच असते. पण ते कुणी, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटले होते ते फुलांच्या मागे झाकले जाते.

आता आजीचा प्रश्न. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचे?

खरे म्हणजे आजीने बायबल उघडले नव्हते, पण ऐकले होते. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने तिला पाठ होती. अब्राहामापासून लाजारसापर्यंतच्या गोष्टी तिला भजनांतून, मिशनच्या मास्तरांच्या तोंडून, नाताळच्या गव्हाणीपुढे बसून कळल्या होत्या. तिचा अभ्यास कानाने झाला होता. आपल्या शेजारीही हेच दिसते. पंढरपूर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्यांना अक्षरओळख नव्हती असे वारकरी आयुष्यभर कीर्तन-प्रवचन ऐकून ज्ञानेश्वरीतल्या ओव्या म्हणतात आणि त्यांचा अर्थही सांगतात. गावोगावच्या सप्ताहात पारायण होते, तेव्हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो. आपल्यापैकी किती घरांत शुभवर्तमान असे सलग एकदा तरी वाचले गेले आहे? मार्ककृत शुभवर्तमान मोठ्याने वाचायला दोन तासही पुरतात.

आपल्या पूर्वजांनी हे मागून घेतले होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्याला आले आणि मराठी शिकले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, पहिल्या भागात जुना करार आणि दुसऱ्या भागात प्रभूचे चरित्र. हे पुराण का रचले ते फादरांनी आरंभीच सांगितले आहे. साष्टीत धर्मशिक्षण चालू असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विनंती केली : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, शिकवता ते चांगले आहे, पण आम्हांला वाचायला-ऐकायला दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे चारशे वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती माणसाला प्रश्नोत्तरे पाठ करणे पुरेसे वाटले नाही. त्याला सगळी कथा हवी होती, आणि ती आपल्या भाषेत हवी होती.

दुसरे उदाहरण आपल्या संप्रदायातले नाही, पण मराठी ख्रिस्ती माणसाने ते विसरू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील तीर्थोतीर्थी पुराणे वाचून पोट भरीत. ते १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. लहानपणी रमाबाईही पुराणे वाचीत. श्रोते पुण्यासाठी बसत. संस्कृत कुणाला कळत नसे आणि अर्थ सांगण्याची पद्धत नव्हती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. त्या मुलींना तेव्हाच्या मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द कळेनात. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरवले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले. रमाबाईंचे निधन १९२२ मध्ये झाले. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. दुष्काळातून वाचलेल्या बायांनी दुष्काळातून वाचलेल्या बायांसाठी छापलेले बायबल! त्यात योएलचा पहिला अध्याय जुळवताना कुणाच्या हाताला काय वाटले असेल, असे मनात येऊन जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी जवळची आहे. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते आणि ग्रंथाला हात लावता येत नव्हता. शेजारच्या मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर पायरीशीच आहे. पुढच्या पिढीला मिशनच्या शाळेत कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायला मिळाली आणि वाचायला पहिले पुस्तक मिळाले ते बहुतेकदा शुभवर्तमान. जे पुस्तक हातात येण्यासाठी एवढी वाट पाहावी लागली, ते आज प्रत्येक घरात आहे, लग्नात भेट मिळते, त्यावर हार घातला जातो.

आपण कॅथोलिक लोक या बाबतीत मागे राहिलो याची काही कारणे ऐतिहासिक आहेत. प्रॉटेस्टंट फुटीनंतर ज्याने त्याने आपल्या मनाचा अर्थ लावू नये, अशी भीती ख्रिस्तसभेला वाटली, आणि उपासना शतकानुशतके लॅटिनमध्ये राहिली. ती भीती पूर्णपणे निराधार नव्हती. एकट्याने उघडून एकट्याने अर्थ लावल्याने काय होते ते वर पाहिलेच. पण भीतीवर उपाय म्हणून पुस्तक मिटणे आणि सोबतीने वाचणे यांत फरक आहे. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देवाच्या प्रकटीकरणाविषयीची आज्ञापत्रिका जाहीर केली. पवित्र शास्त्र सर्व भाविकांना सहज मिळाले पाहिजे आणि त्यांनी ते प्रार्थनेसह वाचले पाहिजे, असे तीत स्पष्ट सांगितले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. आपल्या भाषेतही अडचण उरलेली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल २०१० पासून उपलब्ध आहे. हेच फादर जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते; २०२४ मध्ये ते प्रभूघरी गेले.

सोबतीने वाचणे कसे असते ते प्रेषितांच्या कृत्यांत दिसते. कांदके राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचीत चालला होता. शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. तुला कळते का, असे फिलिपने विचारले तेव्हा तो रागावला नाही. कुणी सांगितल्याशिवाय कसे कळणार, असे म्हणून त्याने फिलिपला रथात शेजारी बसवून घेतले. न कळणे ही लाजेची गोष्ट नाही, हे आपल्या धर्मग्रामात मोठ्याने सांगण्याची गरज आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले प्रश्न विचारतात. मोठी माणसे विचारीत नाहीत, कारण इतकी वर्षे चर्चला येऊन हेही माहीत नाही असे लोक म्हणतील याची धास्ती वाटते.

रविवारी आपल्याकडे बाजार असतो, जनावरे घेऊन पहाटे निघायचे असते, मिस्सेनंतर थांबायला वेळ नसतो, हे सगळे मान्य. पण शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर दुसऱ्या दिवशीची तीन वाचने घरात मोठ्याने वाचायला दहा मिनिटे लागतात. ज्या घरात वाचणारे फक्त सातवीतले पोर आहे तेथे त्याने वाचावे आणि आजीने ऐकावे; अर्थ बहुधा आजीच सांगेल. जे कळले नाही ते कागदावर लिहून रविवारी फादरांच्या हातात द्यावे. दोन-तीन घरांनी मिळून वाचले तर अधिक चांगले, कारण आपल्याला नको असलेले वचन आपण गाळतो आणि शेजारी गाळू देत नाही.

सुरुवात योएलपासून करावी असे आम्ही सुचवतो. होशेयनंतर आणि आमोसच्या आधी आहे, पाने चटकन सापडत नाहीत इतके छोटे पुस्तक. काही प्रतींत त्याचे तीन अध्याय दिसतील, काहींत चार; मजकूर तोच आहे. पावसाची वाट पाहताना वाचले तरी चालेल.